आवक आणि पट्टी : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या आवृत्त्यांचा पन्नास वर्षांचा हिशोब

मराठी ग्रंथव्यवहारात ‘आवृत्ती’ हा शब्द यशाचा वाचक आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली आणि १९३५ साली प्रकाशित झालेली ‘श्यामची आई’ आजही नव्याने छापली जाते, आणि आतल्या पानावरचा वाढता आवृत्तीक्रमांक हाच तिच्या लोकप्रियतेचा दाखला मानला जातो. आधीच्या प्रती संपल्या म्हणून पुढच्या निघाल्या, इतका सरळ अर्थ त्या आकड्यामागे असतो. मजकूर तोच असल्याने काटेकोरपणे पाहता ते पुनर्मुद्रणच असते. भूमिकाखेळ या नावाने ओळखता येईल अशा एका बैठ्या खेळाच्या व्यवसायात मात्र हाच शब्द जवळजवळ उलट अर्थाने चालतो. तिथे नवी आवृत्ती म्हणजे नव्याने लिहिलेले नियम. ती निघाली की जुनीची छपाई थांबते, आणि बहुतेक वेळा ती काढण्याचे कारण जुनीची विक्री मंदावली हेच असते. म्हणून ‘दहावी आवृत्ती’ हे शब्द मराठी कादंबरीला भूषणावह वाटतात, पण अशा खेळाच्या दहा आवृत्त्या निघाल्या असत्या तर त्या मंदीच्या दहा खुणा ठरल्या असत्या.

या व्यवसायातला सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा खेळ म्हणजे १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्याची कोणती आवृत्ती यशस्वी आणि कोणती अयशस्वी, हा वाद खेळाडूंमध्ये आणि व्यापाऱ्यांमध्ये अनेक दशके चालला आहे, आणि तो मिटत नाही याचे कारण वादी-प्रतिवादी वेगवेगळ्या वह्या उघडून बसलेले असतात. नाशिक जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात किती माल आला ती आवक, आणि हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाऊन हातात किती पडले ती पट्टी. आवक विक्रमी असताना पट्टी रडवणारी असू शकते. भूमिकाखेळांच्या इतिहासात यशाच्या घोषणा बहुतेक आवकेच्या झाल्या आहेत, आणि पट्टी बऱ्याच वर्षांनी, कधी कधी कंपनी बुडाल्यावर, उघडी पडली आहे.

खेळ आणि त्याचा माल

भूमिकाखेळात सोंगट्यांचा पट आवश्यक नसतो आणि जिंकण्या-हरण्याला ठरलेला शेवटही नसतो. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राची, म्हणजे एखाद्या योद्ध्याची, मांत्रिकाची किंवा चोराची, भूमिका घेतो. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग उभा करतो, आणि पात्राने केलेली कृती सफल झाली की नाही हे फाशांवरून आणि नियमांवरून ठरते. सूत्रधाराला या खेळात ‘डंजन मास्टर’ म्हणतात. कथा एका बैठकीत संपत नाही. एकाच मंडळीची एकच कथा वर्षानुवर्षे चालल्याची उदाहरणे आहेत.

या रचनेत विक्रेत्याची एक मूलभूत अडचण दडलेली आहे. महाराष्ट्रातील लेण्यांच्या फरशीवर कोरलेले पट, संतपरंपरेशी जोडला गेलेला मोक्षपट किंवा सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा या खेळांत नियम कोणाच्याच मालकीचे नव्हते. जे विकले गेले ते कारागिराच्या हातची वस्तू म्हणून. गंजिफाची १२० पाने झिजली की नवी रंगवून घ्यावी लागत. भूमिकाखेळात वस्तू म्हणजे नियमांचे पुस्तक, आणि ते झिजत नाही. सहा जणांच्या मंडळीत एकाने घेतले तरी खेळ चालतो, आणि एकदा घेतले की तीस वर्षांनीही तितकेच उपयोगी पडते. त्यामुळे नव्या आवृत्तीचा खरा प्रतिस्पर्धी दुसऱ्या कंपनीचा खेळ नसून ग्राहकाच्या फडताळात असलेली, अजून नीट चालणारी जुनी आवृत्ती असते. पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

हजार प्रतींपासून कोट्यवधींच्या उलाढालीपर्यंत

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे दोघे युद्धाच्या लुटुपुटीच्या खेळांचे, म्हणजे धातूच्या छोट्या सैनिकांनी टेबलावर लढाया लढण्याच्या छंदाचे, अनुयायी होते. एका सैनिकाने संपूर्ण पलटणीऐवजी एकाच व्यक्तीचे प्रतिनिधित्व करावे आणि त्या व्यक्तीला लढाईबाहेरही आयुष्य असावे, ही कल्पना आर्नेसन यांच्या ‘ब्लॅकमूर’ या खेळात आकाराला आली, आणि गायगॅक्स यांनी तिला नियमांचे रूप दिले. प्रकाशक मिळेना, म्हणून गायगॅक्स आणि त्यांचे मित्र डॉन के यांनी १९७३ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहान गावी ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’ ही भागीदारी उभी केली. ब्रायन ब्लूम यांनी भांडवल घातल्यावर १९७४ च्या जानेवारीत तीन पुस्तिकांची पेटी बाजारात आली. किंमत १० डॉलर, प्रती १,०००, आणि पेट्या भरण्याचे काम घरच्या घरी. वर्षाच्या आत त्या संपल्या.

हजार प्रती संपायला जवळजवळ वर्ष लागले, याला यश म्हणावे का? पुस्तकविक्रेत्याच्या मापाने ती सामान्य विक्री होती. पण त्या हजार प्रतींभोवती किती खेळाडू होते याचे माप विक्रीच्या वहीत नव्हतेच. विद्यापीठांच्या वसतिगृहांत छायाप्रती काढून खेळ पसरत होता, आणि एकेका पेटीवर अनेक मंडळी जमत होत्या. विकलेल्या प्रती आणि खेळणारी माणसे हे दोन आकडे पहिल्या दिवसापासून वेगळे होते. लवकरच टीएसआर या आद्याक्षरांनी ओळखल्या जाऊ लागलेल्या कंपनीला पहिला आकडा मोजता येत होता. दुसऱ्याचा अंदाज घेण्याची पद्धतशीर धडपड पुढची पंचवीस वर्षे झाली नाही.

१९७७ साली खेळाची दोन अंगे झाली. नवशिक्यांसाठी एक सुटसुटीत ‘बेसिक’ पेटी निघाली, आणि मुरलेल्या खेळाडूंसाठी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हे विशेषण लावलेली जाड बांधणीची पुस्तके निघू लागली : १९७७ च्या अखेरीस राक्षसांचे, १९७८ साली खेळाडूंचे आणि १९७९ साली सूत्रधाराचे. या विभागणीमागे शिकवण्याची सोय होती, तसा मानधनाचा प्रश्नही होता, कारण ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हा वेगळा खेळ मानला तर आर्नेसन यांचा त्यावरचा हक्क वादग्रस्त ठरत होता. त्यांनी १९७९ साली दावा दाखल केला आणि १९८१ साली तो तडजोडीने मिटला. आवृत्ती कशाला म्हणायचे हा प्रश्न अशा प्रकारे न्यायालयापर्यंत जाऊन आला.

१९७९ च्या ऑगस्टमध्ये मिशिगनमधील एक विद्यार्थी बेपत्ता झाला. तो या खेळाच्या नादात विद्यापीठाखालच्या वाफेच्या भुयारांत हरवला असावा, अशा निराधार तर्काने वृत्तपत्रे भरून गेली आणि त्या बदनामीने खेळाचे नाव घरोघरी पोहोचले. १९८१ आणि १९८३ साली नव्याने लिहिलेल्या ‘बेसिक’ पेट्या खेळण्यांच्या दुकानांत आणि मोठ्या भांडारांत लाखांच्या संख्येने खपल्या. टीएसआरची उलाढाल कोट्यवधी डॉलरवर गेली, आणि त्याच वेगाने खर्चही वाढला. भरतकामाच्या साहित्याचा एक व्यवसायसुद्धा कंपनीने विकत घेतला. १९८३ पासून नोकरकपात सुरू झाली, कर्ज वाढले, आणि १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये गायगॅक्स यांच्या हातून कंपनी लोरेन विल्यम्स यांच्या ताब्यात गेली. खेळाच्या इतिहासातील विक्रीचे बहुधा सर्वांत तेजीचे पर्व आणि त्याच्या निर्मात्याची हकालपट्टी यांत फार तर दोन-तीन वर्षांचे अंतर होते. आवक आणि पट्टी यांतला फरक इथे पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसला, पण त्याचा धडा कोणी घेतला नाही.

दुसरी आवृत्ती : कागदाचा पैसा

१९८९ साली डेव्हिड ‘झेब’ कुक यांच्या संपादनाखाली ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ खेळाची दुसरी आवृत्ती आली. विखुरलेले नियम तिने एकत्र आणले, आणि धार्मिक गटांच्या टीकेला तोंड द्यावे लागू नये म्हणून सैतान आणि पिशाच्चांची प्रचलित नावे काढून टाकली. दुकानांत ती सर्वत्र दिसत होती, तिच्या पुरवण्या महिन्याला अनेक निघत होत्या, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तिच्या यशाबद्दल शंका येण्याचे कारण नव्हते. पुढे बेन रिग्ज या इतिहासकाराने टीएसआरची अंतर्गत कागदपत्रे आणि जुन्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखती यांच्या आधारे २०२२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला आणि विक्रीचे आकडेही उजेडात आणले, तेव्हा चित्र पालटले : दुसऱ्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकांची एकूण विक्री पहिलीच्या तुलनेत कमी होती, आणि प्रकाशनाच्या वर्षानंतर ती घसरत गेली होती.

घसरण लपली कशी, याची दोन कारणे होती. पहिले म्हणजे विविधता. खेळाचे नियम एकच, पण कथा घडण्याची जगे अनेक, अशी टीएसआरची योजना होती. १९८४ चे ‘ड्रॅगनलान्स’ आणि १९८७ चे ‘फरगॉटन रेल्म्स’ यांच्या जोडीला १९८९ ते १९९५ या काळात अवकाशातल्या जहाजांचे, भयकथेचे, वाळवंटाचे, अरबी कथांचे, मृत्यूपलीकडच्या लोकांचे अशी नवी नवी जगे आली, आणि प्रत्येकाची देखणी पेटी, नकाशे व पुस्तकांची मालिका निघाली. कंपनीचा समज असा की प्रत्येक जग नवे ग्राहक आणेल. प्रत्यक्षात तेच ग्राहक वाटले गेले. वाळवंटी जगात रमलेल्या मंडळीला भयकथेची पेटी नको होती. प्रत्येक शीर्षकाची विक्री कमी होत गेली, लिखाण, चित्रे आणि छपाई यांचा खर्च मात्र दर शीर्षकामागे पूर्णच राहिला, आणि काही पेट्यांवर मिळणारा नफा नगण्य किंवा उणे होता. शीर्षकांची संख्या मोजणाऱ्याला ही भरभराट वाटली. एकेका शीर्षकाची पट्टी काढणाऱ्याला ती वाटली नसती, पण तशी पट्टी काढली जात नव्हती.

दुसरे कारण अधिक गंभीर होते. अमेरिकी ग्रंथव्यवहारात दुकानदाराला न विकलेली पुस्तके प्रकाशकाकडे परत पाठवता येतात; म्हणजे दुकानात पोहोचलेले पुस्तक ही विक्री नसते, ती फक्त रवानगी असते. १९७९ पासून टीएसआरचा माल ग्रंथभांडारांत पोहोचवण्याचे काम ‘रँडम हाऊस’ ही बलाढ्य प्रकाशनसंस्था करत होती, आणि करारानुसार तिच्या गोदामात माल पोहोचताच छापील किमतीच्या चौथाईहून थोडी अधिक रक्कम टीएसआरला आगाऊ मिळत होती. पैशाची चणचण भासली की आणखी पुस्तके छापून पाठवायची, ही सवय त्यातून जडली. नाशिक रोडच्या सरकारी मुद्रणालयात १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जाऊ लागल्या. तिथे छापलेला कागद पैसा होतो, कारण त्यामागे राज्यसत्तेची हमी उभी असते. लेक जिनीव्हाला छापलेला कागदही काही काळ पैशासारखा वागला, पण त्यामागे उभी होती ती फक्त वाचक कधीतरी तो विकत घेईल ही आशा, आणि ती फळली नाही तर कागद परत यायचा होता.

तो १९९६ साली परत आला. त्याआधी १९९३ साली सिएटलजवळच्या ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या छोट्या कंपनीने रिचर्ड गारफील्ड यांचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ काढला होता. त्याची पाकिटे पुन्हा पुन्हा विकत घ्यावी लागत, आणि न झिजणाऱ्या पुस्तकाची जी अडचण भूमिकाखेळाला होती ती त्याला नव्हती. टीएसआरने त्याला उत्तर म्हणून १९९४ साली स्वतःचा पत्त्यांचा खेळ आणि १९९५ साली ‘ड्रॅगन डाइस’ हा फाशांचा खेळ काढला; फाशांच्या पहिल्या यशावर विसंबून तो प्रचंड प्रमाणात तयार केला आणि ग्रंथभांडारांतही पाठवला. १९९६ मध्ये न खपलेला माल मोठ्या प्रमाणात परत आला, आगाऊ घेतलेल्या रकमेचे कर्ज झाले, छापखान्याची देणी थकली, आणि नव्या पुस्तकांची छपाई बंद पडली. १९९७ साली पीटर अ‍ॅडकिसन यांच्या ‘विझर्ड्स’ने टीएसआर विकत घेतली, सौद्याची रक्कम सुमारे अडीच कोटी डॉलर सांगितली जाते.

तिसरी आवृत्ती : नियम मोकळे, पुस्तक विक्रीला

‘विझर्ड्स’च्या वतीने टीएसआरची कागदपत्रे तपासणाऱ्यांपैकी रायन डान्सी यांनी पुढे लिहून ठेवले, की तिथे ग्राहकाला काय हवे याची पाहणी केल्याचे जवळजवळ काहीच आढळले नाही. ‘विझर्ड्स’ने १९९९ साली बाजाराची पाहणी करून घेतली, आणि त्याच वर्षी खेळण्यांच्या व्यवसायातली महाकाय कंपनी ‘हॅसब्रो’ने ‘विझर्ड्स’ला सुमारे ३२.५ कोटी डॉलरला विकत घेतले. जोनाथन ट्वीट, मॉन्टी कुक आणि स्किप विल्यम्स यांनी रचलेली तिसरी आवृत्ती २००० च्या ऑगस्टमध्ये आली, तेव्हा खेळाडूच्या पुस्तकाची किंमत मुद्दाम १९.९५ डॉलर इतकी कमी ठेवली होती.

या आवृत्तीचे वेगळेपण नियमांइतकेच परवान्यात होते. ‘ओपन गेम लायसन्स’ या मुक्त परवान्याखाली खेळाचा गाभा कोणालाही मोफत वापरता येऊ लागला आणि इतर प्रकाशकांना त्यावर आधारित पुस्तके काढण्याची मुभा मिळाली. डान्सी यांचा युक्तिवाद असा होता, की रमीचे नियम सर्वांना ठाऊक असतात म्हणून अनोळखी माणसालाही डावात बसता येते. तसेच एक नियमसंच जितक्या लोकांना येत असेल तितकी त्याची उपयुक्तता वाढते, आणि पुरवण्या कोणीही विकोत, मूळ पुस्तक मात्र सर्वांना ‘विझर्ड्स’कडूनच घ्यावे लागेल. दोन-तीन वर्षे ही अटकळ खरी ठरली. मग दुकाने हलक्या दर्जाच्या पुरवण्यांनी भरून गेली, आणि २००३ साली ‘साडेतीन’ या नावाने ओळखली जाणारी सुधारित आवृत्ती आल्यावर आधीचा साठा एका रात्रीत शिळा झाला. त्याचा फटका दुकानदारांना आणि लहान प्रकाशकांना बसला. स्वतः मॉन्टी कुक यांनी या सुधारणेच्या वेळेमागे नियमांच्या गरजेपेक्षा व्यापारी गणित असल्याचे लिहिले. ‘विझर्ड्स’च्या वहीत २००३ हे साल नव्या विक्रीचे होते, तर दुकानदाराच्या वहीत तेच साल बुडीत साठ्याचे.

चौथी आवृत्ती : जिंकलेली घोषणा, गमावलेली पंगत

आवृत्तीच्या यशाचा निवाडा किती अवघड असतो, हे २००८ च्या जूनमध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते. प्रकाशनाच्या सुमारास कंपनीने जाहीर केले, की मागणीमुळे पहिली छपाई पुरी पडत नाही आणि पुनर्मुद्रण हाती घ्यावे लागले आहे. मराठी प्रकाशकाने ‘महिनाभरात दुसरी आवृत्ती’ असे लिहावे तशीच ही घोषणा होती, आणि तिच्यात खोटे काही नव्हते. मात्र पहिल्या छपाईचा खप मागच्या आवृत्तीची पुण्याई सांगतो. नवे पुस्तक वाचण्याआधीच ते विकत घेतलेले असते. ते वाचून, खेळून पाहिल्यावर मंडळी टिकली का, याचे उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मिळते.

चौथ्या आवृत्तीने नियम मुळापासून बदलले आणि मुक्त परवान्याऐवजी अधिक जाचक अटींचा परवाना आणला. त्याआधी २००७ साली ‘विझर्ड्स’ने आपली दोन मासिके चालवण्याचा ‘पायझो’ या कंपनीला दिलेला परवाना पुढे वाढवून दिला नव्हता. लिसा स्टीव्हन्स यांच्या या कंपनीपुढे उपजीविकेचाच प्रश्न होता, आणि उत्तर तिसऱ्या आवृत्तीच्या मुक्त परवान्यात तयार होते. तो परवाना मागे घेता येत नाही असेच तेव्हा सर्वजण मानत. २००९ साली ‘पायझो’ने तिसऱ्या आवृत्तीचेच नियम थोडे सुधारून ‘पाथफाइंडर’ या नावाने विकायला काढले. फडताळातली जुनी आवृत्ती, जी आजवर मूक प्रतिस्पर्धी होती, तिला आता प्रकाशक, जाहिरात आणि नव्या पुरवण्या मिळाल्या. त्याच वर्षी ‘विझर्ड्स’ने जुन्या पुस्तकांच्या संगणकीय प्रतींची विक्रीही चाचेगिरीचे कारण देऊन थांबवली, पण विक्री थांबल्याने जुने पुस्तक खेळायचे थांबत नाही.

अमेरिकी छंदव्यवसायाचे ‘आयसीव्हीटू’ हे व्यापारी नियतकालिक दुकानदार, वितरक आणि उत्पादक यांच्याशी बोलून दर काही महिन्यांनी सर्वाधिक खपणाऱ्या पाच भूमिकाखेळांची क्रमवारी देते. २०१० साली त्या क्रमवारीत ‘पाथफाइंडर’ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या बरोबरीला आला आणि २०११ पासून पुढे गेला. चौथी आवृत्ती अपयशी ठरल्याचा निकाल अनेकांनी याच आधारावर दिला. परंतु ही क्रमवारी छंदाच्या दुकानांपुरती असते. साधारण पुस्तकांची दुकाने आणि महाजालावरची विक्री तिच्यात पुरेशी मोजली जात नाही, आणि चौथ्या आवृत्तीने सुरू केलेल्या मासिक वर्गणीच्या संगणकीय सेवेचे उत्पन्न तर तिच्यात येतच नव्हते. पुस्तक न घेता वर्गणी भरणारा खेळाडू त्या मापाला दिसत नव्हता.

तिसरी वही ‘हॅसब्रो’ची होती. डान्सी यांच्या कथनाप्रमाणे या कंपनीने वर्षाला पाच कोटी डॉलरची विक्री हा आपल्या प्रमुख नाममुद्रांसाठी उंबरठा ठरवला होता, आणि त्याखालच्या नाममुद्रांना भांडवल व माणसे मिळणे कठीण होत असे. ते खरे धरले, तर स्वतंत्र लहान कंपनीला जी विक्री डोक्यावर घेऊन नाचण्यासारखी वाटली असती, तीच ‘हॅसब्रो’च्या छताखाली नापास ठरत होती. यशाचे माप विक्रेत्याच्या आकारावर अवलंबून असते, हा धडा चौथ्या आवृत्तीइतका कोणी महागात शिकवला नाही.

पाचवी आवृत्ती : न वाढलेला क्रमांक

२०१२ च्या जानेवारीत नव्या आवृत्तीची घोषणा झाली तेव्हा चौथीला चार वर्षेही पुरी झाली नव्हती, आणि ही घाई हाच तिच्यावरचा कंपनीचा अबोल अभिप्राय होता. या वेळी नियमांचे मसुदे दोन वर्षे खेळाडूंपुढे ठेवले गेले आणि सुमारे पावणेदोन लाख लोकांनी चाचणीत भाग घेतला. जुन्या आवृत्त्यांच्या संगणकीय प्रती २०१३ पासून पुन्हा विक्रीला आल्या. जुनीशी भांडण्याऐवजी तिला घरात घेण्याचे हे धोरण होते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये खेळाडूचे पुस्तक आले, मूलभूत नियम मोफत दिले गेले, आणि ‘अ‍ॅमेझॉन’वरच्या सर्व पुस्तकांच्या विक्रीत ते काही काळ अव्वल राहिले.

ही झाली आवक. पाचव्या आवृत्तीचे वेगळेपण त्यानंतरच्या वर्षांत दिसले. दुसरीसारख्या आधीच्या आवृत्त्या पहिल्या वर्षी शिखर गाठून उतरणीला लागत. हिची विक्री मात्र, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे, वर्षागणिक वाढत गेली. खेळाच्या रचनाकारांचे प्रमुख माइक मर्ल्स यांनी २०१६ साली सांगितले, की दोन वर्षांत खेळाडूच्या पुस्तकाने तिसऱ्या, साडेतीन आणि चौथ्या आवृत्तीतल्या प्रत्येकीचा आयुष्यभराचा खप ओलांडला आहे. २०१५ साली सुरू झालेली ‘क्रिटिकल रोल’ ही खेळाचे थेट प्रक्षेपण करणारी मालिका आणि २०१६ ची ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही दूरचित्रमालिका यांनी या वाढीला हातभार लावला. म्हणून हे यश किती आवृत्तीचे आणि किती काळाचे, हे वेगळे काढता येत नाही. तरी दहा वर्षे क्रमांक बदलावा लागला नाही, ही एकच गोष्ट या व्यवसायात कोणत्याही विक्रमाहून बोलकी आहे.

यशाने मग नवा प्रश्न उभा केला. खेळणारे कोटींत आणि पुस्तक विकत घेणारा मंडळीतला एखाददुसरा, हे १९७४ चेच गणित कायम होते. २०२२ साली ‘हॅसब्रो’ने खेळाडूंच्या वापरातली ‘डी अँड डी बियाँड’ ही संगणकीय सेवा १४.६३ कोटी डॉलरला घेतली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘विझर्ड्स’च्या प्रमुख सिंथिया विल्यम्स यांनी गुंतवणूकदारांपुढे या नाममुद्रेतून पुरेसा पैसा काढला जात नसल्याचे मत मांडले. २०२३ च्या जानेवारीत मुक्त परवाना बदलण्याचा मसुदा फुटला तेव्हा खेळाडूंनी वर्गण्या रद्द करून निषेध केला, आणि महिना संपण्याआधीच कंपनीला माघार घेऊन पाचव्या आवृत्तीचा नियमगाभा कायमचा सर्वांसाठी खुला करावा लागला. वर्गणीमुळे कंपनीला खेळाडू मोजता येऊ लागले होते. त्याच वर्गणीमुळे खेळाडूंनाही कंपनीच्या पट्टीवर बोट ठेवता आले. त्याच वर्षी ‘बाल्डर्स गेट ३’ या संगणकीय खेळाच्या परवान्यातून ‘हॅसब्रो’ला सुमारे नऊ कोटी डॉलर मिळाले. नियमांच्या पुस्तकाची एकही प्रत न विकता आलेला हा पैसा कोणत्या आवृत्तीच्या खात्यात मांडायचा, याचे उत्तर जुन्या वह्यांत नाही.

निवाडा

या पन्नास वर्षांत आवृत्तीचे माप पाच ठिकाणी घेतले गेले : छपाईच्या आकड्यावर, दुकानातल्या क्रमवारीवर, कंपनीच्या नफ्यावर, खेळणाऱ्यांच्या संख्येवर आणि नाममुद्रेच्या एकूण उत्पन्नावर. दुसरी आवृत्ती पहिल्या मापाने उत्तीर्ण झाली आणि तिसऱ्यात कंपनीसह बुडाली. चौथी पहिल्यात जिंकली, दुसऱ्यात हरली आणि पाचव्यात मालकाच्या अपेक्षेला उतरली नाही. पहिली पेटी छपाईच्या मापाने किरकोळ होती, पण खेळणाऱ्यांच्या मापाने तिने एक नवा व्यवसायच जन्माला घातला. प्रत्येक निकाल त्या त्या वहीपुरता खरा आहे. मात्र सर्व मापांखाली एक समान कसोटी दिसते : ज्याच्या घरी चालते जुने पुस्तक आहे, तो ते बाजूला ठेवून नव्याकडे आला का, आणि येताना आपली मंडळी बरोबर घेऊन आला का. पहिल्या महिन्याचा खप या प्रश्नाचे उत्तर देत नाही, कारण जुने पुस्तक त्या महिन्यात फडताळातून हललेले नसते.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये सुधारित नियमांचे खेळाडूचे पुस्तक आले, आणि ते या खेळाच्या इतिहासातले सर्वांत वेगाने खपलेले असल्याचे कंपनीने सांगितले. तिने त्याला सहावी आवृत्ती म्हटलेले नाही. २०१४ च्या पुस्तकांबरोबरही ते वापरता येईल, यावरच भर दिला. श्यामची आई वाचणाऱ्याला ज्या क्रमांकाचा अभिमान वाटतो, तोच क्रमांक ‘विझर्ड्स’ने या वेळी मुखपृष्ठावर येऊ दिला नाही, कारण तो छापला असता तर २०१४ चे पुस्तक जुने झाले असते, आणि ते उराशी धरून बसलेले ग्राहक दुसऱ्या कोणाच्या दुकानात गेले असते. ही आवक आहे. पट्टी यायची आहे.